आमचा संघ आणि अध्यक्षांची मेहेरबानी

आमच्या गावच्या कबड्डी संघाचे अध्यक्ष कबड्डी कधी खेळले नव्हते. त्यात वावगं काही नाही, मीही खेळले नव्हते. फरक एवढाच, की मला ते माहीत होतं.

माझं शिवणकामाचं दुकान पेणला रामवाडीत. सासर गडबच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. नवरा लग्नाच्या आधीपासून गावच्या संघात खेळायचा, डावा कोपरा सांभाळायचा. पुढे त्याचा गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण मैदानावर जाऊन ओरडणं काही सुटलं नाही. संघाच्या चड्ड्या आणि बनियन बरीच वर्षं मीच शिवले. कुणाची मांडी केवढी, कोण फाडून आणतो आणि कोण जपून वापरतो, हे मला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

भात कापून झालं की देवळाच्या बाजूच्या जागेवर मैदान तयार व्हायचं. पुरुष ट्रॅक्टरने माती आणून टाकायचे आणि आपलं काम झालं म्हणून कट्ट्यावर जाऊन बसायचे. त्यानंतरचं सगळं आम्हा बायकांकडे. माती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, आणि ओल बेताची झाली की उकिडवं बसून लाकडी चोपण्यांनी ती ठोकत ठोकत सपाट करायची. हाताला फोड यायचे. सामन्याच्या दिवशी त्याच फोडांच्या हातांनी आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि समोर रोहेवाले असले तर टाळ्यांपेक्षा शिव्या जास्त द्यायचो.

रोहेवाले म्हणजे कुंडलिकेच्या काठच्या एका गावचा संघ. त्यांच्याशी आमचं वैर किती जुनं ते कुणालाच नीट सांगता येत नसे, त्यामुळे ते मिटवताही येत नसे. माझी जाऊ एरवी देवभोळी बाई, पण रोहेवाल्यांचा चढाईवाला मधली रेषा ओलांडून आला की ती बांधावर उभी राहून त्याच्या चालण्याची, रंगाची आणि खाण्यापिण्याची अशी काही वर्णनं करायची की पंचसुद्धा वळून बघायचे.

तर असा हा संघ, आणि त्याला अध्यक्ष मिळाले.

डोंगर खरवडून तो कंपन्यांच्या प्लॉटवर भराव म्हणून ओतायचा, हा त्यांचा धंदा. धंदा वाढला, गाड्या वाढल्या, वडखळला हॉटेल झालं, हॉटेलमागे लग्नासाठी लॉन झालं, आणि मग माणसाला वाटायला लागतं तसं त्यांनाही वाटायला लागलं की आता आपण समाजासाठी काहीतरी करावं. गावच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "संघाला मी पुढे नेतो." कुठे नेता, असं कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या नवऱ्याने दोन्ही केले.

पहिल्यांदा बनियन बदलले. मुंबईहून चकचकीत कापडाचे आले, ज्यात घाम मुरत नाही, नुसता ओघळतो. छातीवर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, पाठीवर त्यांच्या धंद्याचं नाव, आणि त्या नावाखाली उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, खेळाडूचा नंबर. गडी पकडीत सापडून पालथा पडला की अध्यक्षांचं तोंड मातीत घासलं जायचं. बांधावरच्या बायकांना ते फार आवडायचं. आपल्याच गड्याची पकड झाली तरी आम्ही हसत असू, एवढं त्या बनियनचं श्रेय मी मान्य करते.

मग टीव्हीवर कबड्डीची मोठी लीग सुरू झाली. दिवे, संगीत, गोऱ्या पाहुण्या आणि काचेच्या खोलीत बसलेले संघांचे मालक. अध्यक्षांनी खेळ पाहिला की नाही ठाऊक नाही, पण मालक पाहिले. त्यानंतर ते "आपला संघ" म्हणायचे थांबले आणि "माझी टीम" म्हणायला लागले. फरक लहान होता. आमच्या कानांनी तो वेळेवर पकडला नाही.

एके दिवशी संध्याकाळी नवरा अलिबागहून मोटरसायकलवर आला आणि हेल्मेट न काढताच पडवीत बसला.

"संघ गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?" जावेने आतून विचारलं.

"वडखळच्या नाक्यावर बॅनर लागलाय. आपला संघ आणि रोहेवाल्यांचा संघ एक केलाय. पेण-रोहा असं काहीतरी नाव, त्याच्या शेवटी एक इंग्रजी राजा चिकटवलाय. सामने सगळे अध्यक्षांच्या लॉनवर, मॅटवर."

जाऊ पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "रोहेवाल्यांशी एक? आणि मी शिव्या कुणाला घालायच्या?"

आम्ही हसलो, पण तिने मुद्द्याचं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातले चार जाणते अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. नवराही गेला. परत आले ते चहा पिऊन आणि खाली मान घालून. अध्यक्ष म्हणाले होते, "भावना समजतो मी. पण टीम चालवायला डोकं लागतं. नुसतं बांधावर ओरडून टीम चालत नाय." आणि या चार जाणत्यांपैकी एकालाही तिथे सुचलं नाही की ज्या बांधावर ओरडतात तिथूनच ती चालत आली होती. त्यांना ते गावाच्या वेशीवर आल्यावर सुचलं. तिथे मात्र सगळेच फार छान बोलले.

त्या आठवड्यात माझ्या दुकानात एक उंच, वयस्क गृहस्थ आले. शर्टाची इस्त्री कडक, खिशाला चष्मा. शिवायला काहीच आणलेलं नव्हतं.

"तुम्हीच का त्या? आमच्या चढाईवाल्याला म्हैस म्हणायच्या त्या?"

"म्हैस माझी जाऊ म्हणायची. मी रेडा म्हणायचे."

ते बसले. रोह्याच्या बाजूचे, धाटावच्या एका कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या गावातही तोच बॅनर, तेच उत्तर. त्यांना सांगण्यात आलं होतं की पेणवाल्यांचीच फार इच्छा होती एक व्हायची. मी म्हटलं, "आमच्याकडं सांगितलं की रोहेवाले पाया पडत होते." फोरमननी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच आमची दोन गावं एका गोष्टीवर सहमत झाली, आणि ती गोष्ट म्हणजे दोघांनाही बनवलं गेलं होतं.

मग नागोठण्याला, दोन्हीकडच्यांना मधलं पडेल म्हणून, बैठक ठरली. एसटी स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये आमचे वीसेक लोक, त्यांचे तितकेच. पहिला तासभर कुठल्यातरी जुन्या सामन्यात बोनस रेषेवर पाय पडला होता की नव्हता यावरच गेला. माझा नवरा शपथ घेऊन सांगत होता की नव्हता, आणि तो स्वतः त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पालथा पडलेला होता. शेवटी फोरमन टेबलावर चढायचेच बाकी होते.

"मी कंपनीच्या फुटबॉल संघात होतो," ते म्हणाले. "तिथं एक साहेब होते परदेशात राहून आलेले. ते सांगायचे, तिकडं काही ठिकाणी फुटबॉलच्या क्लबात बघणाऱ्यांचा माणूस कमिटीत बसतो. क्लबाचं नाव, रंग, मैदान, यातलं काही बदलायचं तर आधी बघणाऱ्यांना विचारावं लागतं. संघ मालकाचा असेल, पण तो कुणाच्या जिवावर हाय ते तिकडं कागदावर लिहिलेलं असतं."

"आपल्याला पण तेवढंच पायजे," कुणीतरी म्हणालं.

"बायका बसतात का तिकडं कमिटीत?" जावेने विचारलं.

"ते नाय माहीत," फोरमन म्हणाले. पुरुष हसले. आमचेही हसले आणि रोह्याचेही. त्यात मात्र एकोपा लगेच झाला.

ठरलं असं की जोडसंघाच्या पहिल्या सामन्याला सगळ्यांनी जायचं, आणि गप्प बसायचं.

हे सोपं वाटतं. ज्याने कबड्डी कधी काठावर बसून पाहिलेली नाही त्याला सोपंच वाटेल. वडखळच्या त्या लॉनवर निळी मॅट अंथरलेली, चारी बाजूंनी दिवे, एक निवेदक माइकवर घसा फोडत होता. आम्ही दोन्ही गावांची माणसं टेम्पो भरून आलो आणि खुर्च्यांवर ओळीने बसलो. संघ धावत मैदानात आला. आमची मुलं, त्यांची मुलं, आणि कुठूनतरी भाड्याने आणलेले दोघे. सगळ्यांच्या छातीवर अध्यक्ष हात जोडून उभे. आम्ही बघत बसलो.

"टाळ्या!" निवेदक म्हणाला. कुणी हललं नाही.

बाहेरगावच्या एका संघाशी सामना सुरू झाला. आमच्याच गावचा चढाईवाला, ज्याला मी शाळेच्या गणवेशापासून कपडे शिवले होते, तो पलीकडे गेला, दोघांना बाद करून सुळकन परत आला आणि सवयीने आमच्याकडे बघितलं. माझ्या बाजूला बसलेल्या जावेने तोंडात पदर कोंबला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ओरडता येत नव्हतं म्हणून. तो पोर क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग मान खाली घालून आपल्या जागेवर गेला. त्या शांततेत मॅटवर पायांचे आवाज येत होते, फॅक्टरीत येतात तसे, एकसारखे. निवेदकाने आणखी दोनदा टाळ्या मागितल्या आणि मग तोही वरमला. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेले पाहुणे मागे वळून बघायला लागले. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांच्या बनियनवरच्या घामासारखाच मुरत नव्हता.

सामना संपल्यावर त्यांनी आम्हाला हॉटेलच्या आत बोलावलं.

"काय पायजे तुम्हाला?"

फोरमननी सांगितलं. नाव, रंग, मैदान, कप्तान. बदलायचं तर आम्हाला विचारून.

अध्यक्षांनी क्षणभरही विचार केला नाही. "एवढंच ना? मग आधी बोलायचं! आपण समिती करू. प्रेक्षक सल्लागार समिती. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस." त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. "ताई, तुम्ही बसा. महिलांचं पण होऊन जाईल त्यात."

पंधरा दिवसांनी त्याच लॉनवर कार्यक्रम झाला. मला आणि फोरमनना शाल, नारळ आणि छातीवर लावायचा बिल्ला. बिल्ल्यावर माझ्या नावापेक्षा अध्यक्षांचं नाव मोठं. फोटो निघाले. शालीचं कापड इतकं हलकं होतं की घरी आल्यावर मी त्याची इस्त्रीखाली घालायची गादी करायला घेतली, तर एका बाजूने विरलंच.

समितीच्या बैठका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये व्हायच्या. बटाटेवडे चांगले असायचे, एवढं खरं बोलायला हरकत नाही. पहिल्या बैठकीत आमचं मत विचारण्यात आलं ते पाहुण्यांच्या सोफ्यांचा रंग कोणता असावा यावर. फोरमन म्हणाले, "मैदानाचा विषय होता." अध्यक्ष त्यांच्या माणसाला म्हणाले, "नोंदवून घे." त्या माणसाच्या हातात पेन नव्हतं. तो मान डोलावून उभा राहिला, आणि बहुधा अजून तसाच नोंदवतोय.

दुसऱ्या बैठकीत आम्ही नीट मांडलं. निदान अर्धे सामने तरी मातीवर व्हावेत, एक आमच्या गावात, एक रोह्याकडे. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "उत्तम सूचना!" त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या सूचनेवर एवढ्या टाळ्या वाजतात ती मेलेली असते, हे मला तिथे समजलं.

तिसऱ्या बैठकीच्या आधी वडे आणणाऱ्या वेटरने आम्हाला विचारलं, "ताई, तुमचा कप्तान का काढला?" आम्हाला तेव्हा कळलं की काढला. आत गेल्यावर मी उभी राहिले.

"कप्तान बदलायच्या आधी आम्हाला विचारायचं ठरलं होतं."

"मग आत्ता विचारतोय ना," अध्यक्ष म्हणाले. "बोला. काय मत हाय तुमचं?"

"आमचं मत नाय असं हाय."

"छान. मत आलं. पुढचा विषय."

फोरमन उठले. मीही उठले. कुणी थांबवलं नाही. बाहेर येऊन आम्ही दोघं महामार्गाच्या कडेला गाडीची वाट बघत उभे राहिलो. शिस्तीत आयुष्य काढलेल्या फोरमननी मी कधी ऐकली नव्हती अशी एक शिवी दिली आणि लगेच "माफ करा ताई" म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या जावेला शिकवा ती. तिच्याकडं नाय."

जोडसंघ दोन मोसम चालला. अध्यक्षांना निवडणुकीत उमेदवारी हवी होती, मतदारसंघ दोन्हीकडचा, आणि पेण आणि रोहा ही दोन्ही नावं एका बनियनवर कशाला लागली होती ते तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर संघ आजारी पडल्यासारखा झाला. सराव बंद, भाड्याचे गडी गेले, मॅट गुंडाळून लग्नाच्या मांडवात गेली. कुणी काही जाहीर केलं नाही. एके दिवशी बॅनर उतरला आणि तिथे साड्यांच्या सेलचा लागला.

पण अध्यक्ष गुपचूप जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गावात देवळासमोर स्टेज बांधून कार्यक्रम ठेवला: संघ गावाला परत देण्याचा. होय, परत देण्याचा. आमचीच मुलं, आमचंच नाव, आमचीच जागा, आणि ते आम्हाला देणार. त्यांनी एक झेंडा हातात घेतला, डोळे भरून आल्यासारखे केले आणि म्हणाले, "मी वाढवला, आता तुम्ही सांभाळा."

"परत देतोय? आधी नेला कुणाला विचारून?" जाऊ बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी वडखळला तोंड शिवून घेतलं होतं, त्याच लोकांनी. माझ्या नवऱ्यानेसुद्धा. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "अगो, हातातला झेंडा बघून आपोआप वाजल्या." मी एवढी वर्षं अध्यक्षांना हसत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की असा अध्यक्ष काही डोंगरातून उपटून आलेला नसतो, त्याची माती इथलीच असते.

मग गावची सभा झाली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, नियम करायचे. नाव, रंग, मैदान आणि कप्तान, हे चार विषय मतदानाने. भाषणं जोरात झाली. "संघ बघणाऱ्यांचा हाय!" माझा नवरा गरजला. मला खरोखर अभिमान वाटला. तो पुढच्या वाक्यापर्यंत टिकला.

"मत घरटी एक," सभेचे म्होरके म्हणाले.

"घरातलं कुणाचं?" मी विचारलं.

"घरातल्या कर्त्याचं. आणखी कुणाचं?"

"मग बघणाऱ्यांत आम्ही नाय?"

एक म्हातारबाबा हसले. तरुणपणी ते म्हणे संघात होते, आणि पाणी देण्यापलीकडे त्यांना कुणी आत घेतलं नव्हतं. "बायांनू, ओरडा की खुशाल. मत देऊन काय करणार? त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो देवळाच्या कळसाकडे बघत होता. कळस त्याने जन्मापासून पाहिलेला होता, पण त्या दिवशी त्याला तो फार आवडलेला दिसला.

"बरं," मी म्हटलं, "ज्याचं मत, त्यानंच मैदान चोपावं."

मी एकटीच बोलले होते. मागे वळून बघितलं तर जाऊ उठली होती, आणि तिच्यामागे बाकीच्या. सभेतून आम्ही चालत बाहेर आलो. कुणी आरडाओरडा केला नाही, गप्प बसायचा सराव आमचा झालेलाच होता.

घरी नवरा चिडला. "गावाची शोभा करतेस तू. आता कुठं आपल्या हाती संघ आला."

"कुणाच्या हाती?"

"आपल्या."

"मग चोपणं घे त्या आपल्या हातात."

"माझा गुडघा..."

"मत देताना नाय दुखत का गुडघा?"

मोसम तोंडावर आला. माती टाकलेली, ट्रॅक्टर उभा, आणि चोपायला कुणी नाही. पुरुषांनी दोन दिवस एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्या सामुदायिक डोक्यातून एक तोडगा निघाला. त्यांनी रस्त्याचा रोलर आणला. कुठून आणला? त्याच माजी अध्यक्षांच्या यार्डातून, त्यांच्याकडे जाऊन, हात जोडून. अध्यक्षांनी आनंदाने दिला. रोलर दुपारभर देवळाशेजारी गडगडत फिरला आणि पुरुष खुर्च्या टाकून बघत बसले. मैदान झालं. दिसायला सुंदर, आरशासारखं. माझा नवरा त्यावर उभा राहून एकदा माझ्याकडे बघून हसला.

पहिला सामना रोहेवाल्यांशी होता. ते टेम्पोतून आले, बरोबर फोरमन. त्यांच्या कप्तानाने मैदानात येऊन टाच आपटली. परत आपटली. मग खाली वाकून तळहात फिरवला.

"हे मैदान हाय का महामार्ग?" त्याने विचारलं. "इथं पडला तर माणूस उठेल का?"

"आमचे पडतात की," म्होरके म्हणाले.

"मग पाडून दाखवा."

आमचे दोघे सराव म्हणून भिडले. पहिल्याच पकडीत दोघांचेही गुडघे आणि कोपर सोलून निघाले, आणि आमचा चढाईवाला खाली बसून फुंकर मारत राहिला. पंचांनी मैदान पाहिलं आणि सरळ सांगितलं की यावर सामना होणार नाही. रोहेवाले एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. ते दाबलेलं हसू आमच्या गावाला जितकं झोंबलं तितकं अध्यक्षांचं काहीच कधी झोंबलं नव्हतं. टेम्पो निघताना फोरमन माझ्याजवळ आले.

"काय झालं हो ताई?"

"आमच्याकडं बघणाऱ्यांना हक्क मिळाला," मी म्हटलं. "घरटी एक."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "आमच्याकडं पण घरटीच ठरलंय." आणि घाईने टेम्पोत चढले.

त्याच आठवड्यात परत सभा बसली. म्होरके म्हणाले, आपण बायकांचा विचार करायला हरकत नाही. म्हातारबाबा म्हणाले, मी कधी विरोधात होतो? नवऱ्याने सगळ्यांत आधी हात वर केला, आणि या वेळी एकच. ठरलं की जो कुणी संघासाठी काम करेल, बाई असो की पुरुष, त्याला मत. दुसऱ्या दिवशी ते रोलरचं मैदान कुदळीने फोडावं लागलं. ते काम पुरुषांनी केलं, आणि महामार्ग उकरताना त्यांचे जे चेहरे झाले होते ते बघायला आम्ही बायका हातातली कामं टाकून गेलो. मग माती चाळली, पाणी मारलं, आणि चोपायला बसलो. नवरा बादलीने पाणी शिंपडत होता. जास्त झालं की जाऊ त्याच्यावर ओरडायची.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या एखाद्या सभेला येऊन बसावं. पहिलं मतदान बनियनच्या रंगावर होतं. मी सुती कापड आणि जुना लाल रंग सुचवला. जिच्यासाठी मी एवढी भांडले ती माझी जाऊ उभी राहिली आणि म्हणाली, "मला तो चकचकीत आवडायचा. टीव्हीत छान दिसतो." तिच्या बाजूने निम्म्या बायकांनी हात वर केले. लाल सुती कापड जेमतेम तीन मतांनी निवडून आलं आणि जाऊ मला दोन दिवस आमटी वाढताना भांडं आपटत होती. म्हातारबाबा दर सभेत एकच प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की झोपतात. चार विषयांसाठी केलेल्या नियमांत आता पाहुण्यांना चहा द्यायचा की सरबत यावरही हात वर होतात. अध्यक्ष एका वाक्यात जे चुकीचं ठरवायचे, ते चुकीचं ठरवायला आम्हाला आता पूर्ण संध्याकाळ लागते.

त्या वर्षी रोहेवाल्यांनी आम्हाला आमच्याच मऊ, चांगल्या, हाताने चोपलेल्या मैदानावर हरवलं. नुसतं हरवलं नाही, दोन लोण चढवले, म्हणजे आमचा अख्खा संघ दोनदा बाद केला. दुसऱ्या दिवशी सभेत कप्तान बदलायचा विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं होतं, त्याच्या पुतण्याला कप्तान करा. मुलगा चांगला आहे, पण चढाईला जाताना त्याचं लक्ष बांधावर कोण बसलंय याच्याकडे जास्त असतं. मी विरोधात हात वर केला. जावेने, म्हणजे त्या मुलाच्या सख्ख्या आईनेही केला. प्रस्ताव पडला.

वाटेत नवरा माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. घरी येऊन मी भात लावला, सुक्या जवळ्याची चटणी केली आणि ताट वाढलं. तो तोंड फुगवून बसला, आणि जेवला. दोनदा भात मागून घेतला.